वनस्पतिजन्य अन्नाची पदवी कशाला?

“डाळी आणि धान्ये माणूस हजारो वर्षे शिजवत आला आहे, मग वनस्पतिजन्य अन्नाच्या तंत्रज्ञानासाठी विद्यापीठात वेगळे शिक्षण कशाला?” प्रवेशाच्या दिवसांत पालक हा प्रश्न मला हमखास विचारतात. तुम्हीही विचारलात, म्हणून वर्गात पहिल्या आठवड्यात करून घेतो तो प्रयोगच सांगतो.

भिजवलेले सोयाबीन थंड पाण्यात वाटले, की दाणा फुटताच लायपॉक्सिजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यातील स्निग्धांशावर काम करू लागते, हेक्झॅनलसारखी द्रव्ये तयार होतात आणि सोयादुधाला कच्चट, हिरवट वास येतो. तेच दाणे ८० अंश सेल्सिअसहून गरम पाण्यात वाटले तर विकर निकामी होते आणि वास बराच टळतो. परंतु त्याच उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते, त्यांची विद्राव्यता घटते आणि अधिक प्रथिन चोथ्यात अडकून राहते. किती तापमान आणि किती मिनिटे, हे ठरवायला विकरांचे शास्त्र, प्रथिनांचे रसायन आणि उष्णतेचे वहन एकाच वेळी ध्यानात घ्यावे लागते. सवयीच्या हाताला एका भांड्यापुरता अंदाज येतो, हजार लिटरच्या टाकीचा येत नाही.

पुढचे सारे शिक्षण याच धाग्याने जाते. सामू (आम्लता दाखवणारा pH) ४.५ च्या आसपास आणला की सोयाप्रथिन साक्याच्या रूपात का खाली बसते, आणि एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे पीठ उष्णतेने व दाबाने मळून साच्यातून ढकलणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडणारा गरम लगदा थंड साच्यातून सरकताना मांसासारखे तंतू कसे धरतो, हे त्यात येते. तंतू घडवण्यासाठी नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठात नियंत्रित कर्तन देणारे, म्हणजे लगद्याचे थर एकमेकांवरून ठरावीक वेगाने घसरवणारे, वेगळे यंत्रही विकसित झाले आहे. पोषणाचा भाग मात्र अनेक अभ्यासक्रम घाईत उरकतात, हे मला खटकते: कडधान्यांत मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी, तृणधान्यांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी, फायटिक आम्लामुळे लोह आणि जस्ताचे शोषण घटलेले, आणि ब१२ जीवनसत्त्व तर बाहेरून मिसळावेच लागते. हे न शिकलेला पदवीधर चविष्ट पण उणे अन्न बनवील.

मी स्वतः एक्स्ट्रूजन फळ्यावरच्या आकृतीतून शिकलो आणि नोकरीत पहिल्यांदा यंत्रासमोर उभा राहिलो, तेव्हा साचा तुंबल्यावर काय करावे हे मला सुचले नव्हते. म्हणून विद्यापीठ निवडताना विषयांची यादी वाचण्याआधी तिथला प्रायोगिक कारखाना पाहा, आणि बिघडलेला घाणा विद्यार्थ्यांना पुन्हा घेऊ देतात का, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.