सिक्स्थ ॲव्हेन्यूवर संकासूर

गेल्या वर्षी 31 ऑक्टोबरला मी ऑफिसातून तशीच न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये गेले होते, जीन्स आणि जॅकेटवर. ग्रीनिच व्हिलेजची हॅलोविनची मिरवणूक कॅनल स्ट्रीटजवळून सुटते आणि सिक्स्थ ॲव्हेन्यूने वर जाते. माणसं रांगेत शिरत होती, मीही शिरले. डोक्यावर हरणाची शिंगं लावलेल्या एका स्वयंसेवक बाईने मला थांबवलं. "वेष नाही? मग तुम्ही फुटपाथवर."

एवढंच. हसून म्हणाली, पण हलली नाही. लोखंडी कठड्यापलीकडून तीन तास बघत उभी राहिले आणि मला भयंकर राग आला होता. या देशात इतक्या दारांवर कागद दाखवलेत की आता सोंगाचाही कागद लागतो का, असं वाटलं.

घरी पोचेपर्यंत राग गेला आणि तो नियम मात्र डोक्यात राहिला. तेव्हापासून मी त्याच्याबद्दल भेटेल त्याला सांगत सुटले आहे. तिकीट नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. तुम्ही नागरिक आहात की व्हिसावर, बाई की बुवा, वय काय, कुणी विचारत नाही. सोंग घेतलंत की तुम्ही आत. बघायला आलेला बाहेर आणि स्वतःला बदलून आलेला आत, इतकी साधी वाटणी मी दुसऱ्या कुठल्याच उत्सवात पाहिलेली नाही. आणि ती मला इतकी का लागली, ते गुहागर तालुक्यात वाढलेल्या कुठल्याही मुलीला सांगावं लागणार नाही.

आमच्याकडे शिमग्यात संकासूर येतो. काळा पायघोळ, उंच निमुळती काळी टोपी, छातीपर्यंत पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात दोराचा आसूड. आधी घुंगरं ऐकू येतात, मग तो दिसतो. पोरं माजघरात पळतात आणि आया हात जोडून नवस बोलतात. माझे काका वीस वर्षं गावच्या खेळ्यांत, म्हणजे शिमग्यात सोंगं घेऊन घरोघरी फिरणाऱ्या मंडळींत, संकासूर होते. टोपी ते स्वतः बनवायचे, मी खळीचं भांडं धरून शेजारी बसायचे. दाढी कुठे बांधायची, पाऊल कसं आपटायचं, मला सगळं पाठ होतं. अकरा वर्षांची असताना मी म्हटलं, काका, पुढच्या वर्षी मला लहान संकासूर करा. ते म्हणाले, "बायकांनी सोंग घ्यायचं नसतं." रागावून नव्हे, पाऊस जूनमध्ये येतो म्हणावं तसं. त्याच खेळ्यांत गोमू नाचायची, लुगडं नेसलेला आमचा गावातलाच एक बाप्या. पुरुषाला बाई होता येत होतं. बाईला काहीच होता येत नव्हतं.

इथे कुणी लगेच "बघा, तिकडचं कसं पुढारलेलं" म्हणायला नको. ही मिरवणूक 1974 सालची आहे. राल्फ ली नावाच्या मुखवटे आणि बाहुल्या घडवणाऱ्या कलावंताने आपल्या शेजारपाजारच्या मुलांना घेऊन ती सुरू केली. आमची पालखी कधीपासून नाचते हे सांगणारा माणूस गावात नाही, इतकी ती जुनी. मुखवटा, ढोल, रात्र, रस्त्यावर उतरलेलं अख्खं गाव, यातलं काहीही आम्हाला कुणाकडून शिकायचं नव्हतं. माझ्या फोटोंखाली "परदेशी खूळ" असं लिहिणाऱ्या नातेवाइकांना मी हेच कळवलं. फक्त सोंगाचं ते एक दार मला गावात बंद होतं आणि इथे न्यूयॉर्कात उघडं होतं. ते मी काय करू?

यंदा, म्हणजे 2024 साली, गंमत अशी झाली की 31 ऑक्टोबरला गुरुवारी नरकचतुर्दशी आली. पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान, कारीट नव्हतं म्हणून अंगठ्याने लिंबू फोडलं, फराळाचं ताट, तुळशीपाशी पणती. हे सगळं केलं, मुद्दाम सांगते. आईने व्हिडिओ कॉलवर मिरवणुकीसाठी केलेली माझी संकासुराची टोपी पाहिली आणि म्हणाली, "ऐन दिवाळीत असुराचं सोंग? आज तर असुर मारायचा दिवस." मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "घुंगरं कुठून आणलीस?"

घुंगरं मिळाली नव्हतीच. नाताळच्या सजावटीचे छोटे घंटे दुकानात आत्ताच लागलेत, ते चाळीस घेतले. नवऱ्याच्या जुन्या पट्ट्यावर जाड दोऱ्याने एकेक ओवून तीन रात्री शिवत बसले. आवाज घुंगरांसारखा येत नाही. घुंगरू खणखणतं, हे किणकिणतात. मग त्यांच्या आत पातळ कापूस कोंबून पाहिला, थोडा जडपणा आला. दाढी पांढऱ्या लोकरीची, टोपी काळ्या कार्डबोर्डची, आसूड पिळलेल्या ओढणीचा.

जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने निघाले. डब्यात एक केळं, दोन जोगिणी आणि अंगभर दिवे लावलेला एक म्हातारा. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. ऑक्टोबर संपत आला तरी उकडत होतं, दाढीखाली घाम धरला होता. कॅनल स्ट्रीटला तीच रांग, तोच कठडा. या वेळी कुणी अडवलं नाही, वाट करून दिली.

एका मुलीने विचारलं, तू कोण? मी सांगितलं, माझ्या गावचा राक्षस. वेद पळवले होते त्याने, आता वर्षातून एकदा घरोघरी येतो, लोक त्याला घाबरतात आणि त्याच्याकडेच मागणंही मागतात. ती म्हणाली, मला याची भीती वाटतेय आणि मिठीही मारावीशी वाटतेय. संकासुराचं इतकं नेमकं वर्णन मी गावातही ऐकलं नव्हतं.

मग चालायला लागलो. बांबूंवर पेललेल्या दोन मजली सांगाड्यांच्या बाहुल्या, ब्रास बँड, मध्येच सांबाचे ढोल. दहाव्या रस्त्यापाशी जेफरसन मार्केट लायब्ररीच्या मनोऱ्यावर दोरांनी हलवलेला प्रचंड कोळी. आडव्या गल्ल्यांच्या तोंडाशी वाळूने भरलेले ट्रक उभे केलेले. 2017 साली याच दिवशी दुपारी, इथून फार लांब नाही अशा सायकलच्या वाटेवर एकाने ट्रक घातला, आठ माणसं गेली. त्या संध्याकाळीही मिरवणूक निघाली होती. मला हे थोर वाटतं. बाप्पाला निरोप द्यायला कुठल्याही संकटात रस्त्यावर उतरणाऱ्या मुंबईकराला ते वेगळं समजावून द्यायला नको.

न्यूयॉर्क राज्यात मुखवटे घालून जमावाने फिरायला 1845 पासून बंदी होती, हे मला यंदाच कळलं. वेषभूषेच्या समारंभांना तेवढी सूट. हडसनच्या खोऱ्यातली कुळं जमीनदारांच्या खंडाविरुद्ध उठली होती आणि मुखवटे चढवून, बायकांचे छापील झगे घालून वसुलीच्या माणसांना पिटाळून लावत होती, म्हणून तो कायदा झाला. रद्द झाला 2020 साली, करोनाने सगळ्यांनाच तोंड झाकायला लावलं तेव्हा. खोताच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली मी, ते वाचून फार वेळ त्या झगेवाल्या कुळांचा विचार करत बसले.

चौदाव्या रस्त्याच्या अलीकडे कठड्याला टेकून एक चारेक वर्षांचा मुलगा उभा होता, अंगावर अंतराळवीराचा पोशाख. मी पाऊल आपटलं, कमर हलवली, आसूड फिरवला आणि काकांसारखी मान तिरकी करून एकदम त्याच्यासमोर वाकले. "होलियोऽऽ!" तो बापाच्या पायामागे गेला. तिथून एक डोळा काढून बघत राहिला. मी हलले की आत, थांबले की बाहेर. तो डोळा मी ओळखते. आमच्या माजघराच्या दाराआडून मीच तसा लावून बघायचे.

नंतर एका बारमध्ये गेलो. दारावरच्या माणसाने आयडी बघायला दाढी खाली करायला लावली आणि परत नीट बांधूनही दिली. नाचलो. रात्री दोनला कमरेचे घंटे वाजवत एकटी ट्रेनने घरी आले आणि मला एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही. शिमग्यात आमच्या गावातही रात्रभर हिंडायला भीती नव्हती, हेही खरं. पण तिथे सोबत भाऊ लागायचा.

आता शिमग्याला का येत नाहीस, हे सगळे विचारतात. मुंबईचा चाकरमानी रजा नाही मिळाली तर नोकरी सोडून येतो. मला रजा मिळते, पण देशाबाहेर पडलं की परत येताना व्हिसाचं स्टॅम्पिंग, म्हणजे वकिलातीत जाऊन पासपोर्टवर नवा व्हिसा. तारीख मिळाली नाही तर नोकरी, घर, मुलीची शाळा सगळं अधांतरी. नऊ शिमगे असेच गेले. ज्यांना हे बहाणे वाटतात त्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहून बघावं.

व्हिडिओ काकांना पाठवला होता. दोन दिवस उत्तर नाही. भाऊबीजेला मीच फोन केला. बरंच इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "टोपी बुटकी झालीय. अजून वीतभर हवी. आणि दाढी कानावरून नको घेऊ, घसरते. टोपीच्या आतून बांधायची."

मी विचारलं, काका, शिमग्याला आले तर घ्याल मला खेळ्यांत?

"आधी ये तर," ते म्हणाले.