झोपाळ्याच्या कड्या आणि बिलिंगचं टेकऑफ

ऑक्टोबरअखेरीस बीरला पॅराग्लायडिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उडणार आहे हे कळल्यापासून इंदूरमध्ये जो भेटतो तो हेच विचारतो, इथे डोंगर कुठाय, तयारी कशी करणार? उडायला डोंगर लागतो हे खरं. पण स्पर्धेच्या तयारीतलं कितीतरी काम जमिनीवरचंच असतं, आणि सध्या मी तेच करतेय.

बीर हिमाचलातल्या कांगडा जिल्ह्यात, धौलाधारच्या पायथ्याशी. त्याच्या वर बिलिंगचं टेकऑफ, साधारण २४०० मीटरवर. २०१५ मध्ये पॅराग्लायडिंग वर्ल्ड कपची फेरी इथेच झाली होती. पावसाळा सरला की हवा कोरडी होते, दक्षिणेकडचे उतार सकाळपासून तापतात आणि थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत, सुटायला लागतात. थर्मलमध्ये गोल फिरत उंची कमवायची आणि ती खर्चून पुढचा पल्ला गाठायचा, असा हा खेळ. स्पर्धेत त्या त्या दिवशीचं हवामान बघून मार्ग देतात. नकाशावर वर्तुळं आखलेली असतात, ती ठरलेल्या क्रमाने शिवत गोलपर्यंत, म्हणजे शर्यत संपते तिथवर, पोहोचायचं. शर्यत सुरू व्हायच्या आधी एकेका थर्मलमध्ये कितीतरी जण वर-खाली घिरट्या घालत असतात. पहिला ज्या बाजूला वळला त्याच बाजूला बाकीच्यांनी वळायचं, त्यात कुचराई चालत नाही. अशा गर्दीत नजर सतत बाहेर हवी. रिझर्वचं, म्हणजे संकटात उघडायच्या राखीव पॅराशूटचं, हँडल कुठे आहे ते मान खाली घालून शोधायला तिथे सवड नसते. हाताला ते न बघता सापडलं पाहिजे. मला बीरला डोकं मोकळं ठेवून उडायचंय, म्हणून हातांची कामं इथेच पक्की करून घेतेय.

आमच्या रामचंद्र नगरच्या घरात दिवाणखान्यात झोपाळ्याच्या कड्या आहेत. झोपाळा काढून तिथे हार्नेस, म्हणजे उडताना बसायची पट्ट्यांची बैठक, टांगलाय. मी पाय लांब करून आत बसते, हातात ब्रेकच्या दोऱ्या असल्यासारखी मुठी वर धरते, लेक एका बाजूने हार्नेस हिसडते. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोर भाजी निवडत असतात. त्यांच्या मनात येईल तेव्हा त्या ओरडतात, "टाक गं!" की माझा उजवा हात मांडीशेजारच्या हँडलवर. एरवी हँडल पकडून सोडून देते. पण परवा रिझर्वची घडी नव्याने घालायची होती, म्हणून आधी खरोखर ओढून गादीवर फेकला. ओढायचा एका झटक्यात आणि लगेच जोरात लांब भिरकवायचा, मोकळ्या हवेकडे. उघडला की विंग, म्हणजे ज्यावर उडतो तो कापडी पंख, ओढून गोळा करायची, नाहीतर दोन्ही एकमेकांशी भांडतात. प्रमाणित रिझर्व सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा जास्त वेगाने खाली येऊ नये, अशी युरोपियन मानकाची अट आहे. तेवढा वेगही कमी नाही, म्हणून उतरताना पाय जुळवून लोळण घ्यायची सवयही हवी. फेकलेला कपडा दिवसभर घरातच पसरून ठेवला, पावसाळ्यातला दमटपणा जाईपर्यंत.

पावसाने उघडीप दिली की सकाळी चिमणबाग मैदान. वाऱ्याकडे तोंड करून विंग डोक्यावर उभी करायची आणि तशीच उभी ठेवायची. शेजारी क्रिकेट चालू असतं. मी डोळे मिटून करून बघते. रायझरमधून, म्हणजे विंगच्या दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांमधून, येणारा ताण कुठल्या बाजूला कमी झाला, ते हाताला आधी कळतं आणि विंग नंतर झुकते. हे कळणं मला फार आवडतं. तासन्‌तास करू शकते मी हे.

वजनाचा मुद्दा बायकांना जास्त भेडसावतो. प्रत्येक विंगला किमान आणि कमाल वजन ठरवून दिलेलं असतं, पायलट, हार्नेस, सामान सगळं धरून. कमाल मर्यादेच्या जवळ उडालं तर साधारण तेवढ्याच उताराने सरकताना वेग जास्त मिळतो. चढताना थोडं मागे पडायला होतं, पण शर्यतीत वेग जास्त मोलाचा. मी अंगाने किरकोळ, म्हणून बॅलास्टला, म्हणजे वजन वाढवायला, पाण्याच्या पिशव्या. पाणी अशासाठी की उतरण्याआधी सोडून देता येतं. संध्याकाळी त्याच पिशव्या पाठीवर घेऊन गच्चीचे जिने चढते. वर पोहोचले की घारी बघत बसते. पंख न हलवता एखादी वर जायला लागली की तिच्याखाली काय आहे ते शोधायचं. बहुतेकदा गोदामाचे तापलेले पत्रे, नाहीतर उघडी काळी जमीन. वारा असला तर थर्मल तिरका चढतो, तेव्हा त्याचं मूळ वारा जिकडून येतो त्या बाजूला थोडं मागे सापडतं.

बाकी लोकरीचे आतले कपडे, जाड हातमोजे, तीन-चार तास हार्नेसमधून बाहेर पडता येत नाही म्हणून डायपर. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पाणी कमी पिऊन उंचावर जाणं जास्त धोक्याचं.

मालवा एक्सप्रेसने पठाणकोट कँट, पुढे बैजनाथवरून रस्त्याने बीर. तोवर वारा बरा असेल त्या सकाळी मी चिमणबागेवर आहे. इंदूर, देवास, महूकडचं कुणी उडत असेल तर आपापली विंग घेऊन या. दोघं असलो की एकमेकांच्या दोऱ्या नीट तपासता येतात.