पाच तासांची राइड आणि पोटाचा हिशोब

शनिवार, दुपार

उद्याची आमच्या सायकल क्लबची राइड 120 किलोमीटरची. ताशी 25 चा वेग धरला तर सॅडलवर जवळपास पाच तास. आणि लांब राइडच्या आदल्या दिवशी हमखास निघणारा प्रश्न आजही निघाला: उपाशीपोटी आलं तर चरबी जास्त जळते ना?

जळते. रात्रभर काही न खाल्ल्यामुळे सकाळी इन्सुलिन खाली असतं, साठलेल्या चरबीतून मेदाम्लं मोकळी होतात आणि संथ पेडलिंगला स्नायू तीच वापरतात. पण राइडच्या तासांत काय जळलं यावर वजन ठरत नाही, दिवसभरात एकूण किती खाल्लं यावर ठरतं. उपाशी राइड करून आलेला माणूस दुपारी ताटावर असा तुटून पडतो की सकाळची सगळी वजाबाकी भरून निघते.

माझा खरा आक्षेप मात्र वजनाबद्दल नाही. शरीरात कर्बोदकांचा साठा दोन ठिकाणी असतो, ग्लायकोजेनच्या रूपात: स्नायूंमध्ये साधारण 300 ते 500 ग्रॅम आणि यकृतात 80 ते 100 ग्रॅम. स्नायूंमधला साठा रात्रीच्या झोपेत फारसा हलत नाही, यकृतातला मात्र सकाळपर्यंत बराच उतरतो, कारण रात्रभर मेंदूला साखर तोच पुरवत असतो. शिवाय स्नायूतलं ग्लायकोजेन त्याच स्नायूत खर्ची पडतं, ते रक्तात परत येत नाही. त्यामुळे पाय भरलेले असूनही डोकं रिकामं पडू शकतं. ‘बाँक’ झालेला, म्हणजे साखर संपून अचानक गळालेला माणूस म्हणूनच आधी गप्प होतो, चिडचिड करतो, पुढच्या चाकापासून त्याचं अंतर उगाच वाढतं आणि मग एकदम मिटतं. हात थरथरणं, थंडगार घाम, नजर आखडणं ही लक्षणं त्यानंतरची.

एकट्याच्या राइडला याचा त्रास ज्याचा त्याला. ग्रुपमध्ये पुढच्याचं मागचं चाक आपल्यापासून हातभर अंतरावर असतं, आणि ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला की मागचे चौघं रस्त्यावर. क्लब राइडमध्ये आपलं पोट ही फक्त आपली बाब उरत नाही, असं मी अगदी मनापासून मानते.

उपाशी राइड करायचीच असेल तर ती एकट्याने, 60 ते 90 मिनिटांची, सलग वाक्यं बोलता येतील इतक्या सावकाश गतीची. खिशात एक जेल, म्हणजे पाकिटातला गोड कर्बोदकांचा लगदा, असावंच. श्रद्धेचा उपास, त्यातही पाणी न पिता केलेला, असेल तर उपास सुटण्याच्या आधीचा तास त्यातल्या त्यात बरा: राइड संपता संपता पाणी आणि जेवण समोर येतं. तेव्हाही गती हलकीच ठेवावी, आणि चढ त्या दिवशी नकोत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये.

वारंवार उपाशी राइड करून वर कमी जेवणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिलं. खर्चाच्या मानाने ऊर्जा सतत कमी पडली की शरीर बाकीची कामं आवरती घेतं: पाळी लांबते किंवा थांबते, पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन घटतं, हाडं विरळ होतात. सायकलिंगमध्ये हाडांवर धावण्यासारखा भार मुळातच येत नाही, म्हणून हाडांचा मुद्दा आपल्या बाबतीत आणखी गंभीर.

शनिवार, संध्याकाळ

आदल्या रात्री किती जेवायचं? 1966 साली योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने पेडल मारलं, तो पाय पूर्ण दमेपर्यंत. मग तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि सुईने दोन्ही मांड्यांचे कण काढून तपासले. राबलेल्या पायात ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झालं होतं. माणूस तोच, जेवण तेच, फरक फक्त व्यायामाचा. साठा जास्त वाढतो तो आधी रिकाम्या झालेल्या स्नायूत. आठवडाभर सायकलला हात न लावता आदल्या रात्री तडस लागेपर्यंत जेवण्यात म्हणूनच अर्थ नाही. रात्री नेहमीचं जेवण, त्यात भात, पाव, बटाटा असलं काही थोडं जास्त आणि तेल-तूप व कच्च्या भाज्या थोड्या कमी, एवढं पुरतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे सकाळी वजनकाटा किलोभर पुढे गेलेला दिसला तर घाबरू नये. तो साठाच आहे.

सकाळी निघण्याच्या दोन तास आधी, वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम कर्बोदकं. 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम: मोठा वाडगाभर ओट्स, दोन केळी, मध लावलेले दोन स्लाइस. इतक्या पहाटे उठणं जमत नसेल तर निघताना एखादं केळं आणि पहिल्या अर्ध्या तासापासून खायला सुरुवात. अधलीमधली वेळ, म्हणजे निघण्याच्या पाऊण तास आधी नुसतं गोड खाणं, काहींना बाधते: इन्सुलिन चढलेलं असतानाच स्नायूही साखर ओढू लागतात आणि पहिल्या वीस मिनिटांत पाय गळाल्यासारखे वाटतात.

आता बाटल्या. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 11 सपाट चमचे साखर (सुमारे 45 ग्रॅम), पाव चमचा मीठ, लिंबू पिळून. साखर आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून घ्यायची, नाहीतर तळाशी बसते आणि शेवटचा घोट पाकासारखा लागतो. हे द्रावण 6 टक्क्यांचं होतं. 8 च्या फार वर गेलं की पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो, पोट डुचमळतं, मळमळतं. पाव चमचा मिठात 600 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. घामातून एका लिटरमागे बहुतेकांचं त्याहून थोडं जास्तच जातं, पण चवीला एवढंच सोसतं. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी. त्याचा मोह आवरावा लागतो: घामाने गेलं त्याहून जास्त नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, बोटं सुजतात, आणि हे जिवावरही बेतू शकतं. राइडच्या आधी आणि नंतर वजन करून पाहावं. वजन वाढलं असेल तर नक्कीच जास्त प्यायलो.

किती खायचं, हा हिशोब सोपा आहे. सरासरी 150 वॉट म्हणजे तासाला 540 किलोज्यूल काम, आणि पायांची कार्यक्षमता साधारण पाव-हिश्शाची असल्याने जेवढे किलोज्यूल, जवळपास तेवढ्याच किलोकॅलरी जळतात. पाच तासांत 2,700. यातल्या निम्म्या चरबीतून आल्या असं धरलं तर उरलेल्या निम्म्या कर्बोदकांच्या. तासाला 60 ग्रॅम खाल्लं तर पाच तासांत 1,200 किलोकॅलरी तिथेच भागतात, आणि पायांतला साठा चढांसाठी शिल्लक राहतो. एक बाटली आणि अर्धं केळं, झाले तासाचे 60.

आतड्यातून ग्लुकोज शोषणारी वाट तासाला 60 ग्रॅमच्या आसपास भरून जाते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे, म्हणून दोन्ही मिसळून 90 पर्यंत जाता येतं. साध्या साखरेत दोन्ही निम्मं-निम्मं असतंच. पण सवय नसताना 90 वर उडी मारली तर जुलाब ठरलेले. आतड्यालाही सराव लागतो, दर राइडला तासामागे दहा ग्रॅम वाढवत.

भुकेची वाट पाहायची नाही, घड्याळाकडे पाहायचं: दर वीस मिनिटांनी दोन घास. ग्रुपमध्ये याची जागाही ठरलेली आहे. पुढे राहून वारा अंगावर घेत ग्रुपला ओढत असताना खाता येत नाही. आपली पाळी संपवून मागे सरकलं, श्वास खाली आला की शेवटच्या जागेवर खायचं. तिथे मागे कोणी नसतं, सायकल थोडी डगमगली तरी धोका कमी. एक हात हँडलच्या मध्याशी, स्टेमजवळ धरला तर चाक सरळ राहतं. वेष्टनं घरीच अर्धवट फाडून ठेवावीत. दातांनी जेल फोडताना मान वर जाते आणि नजर रस्त्यावरून उठते. चढाच्या दहा मिनिटं आधी खाऊन घ्यावं, कारण चढावर तोंड श्वासासाठी लागतं आणि उतारावर दोन्ही हात ब्रेकवर हवेत.

मधल्या थांब्यावर तळलेलं नको. चरबी पोटात तासन्‌तास रेंगाळते आणि राबणाऱ्या पायांकडे रक्त गेल्याने पोटाला आधीच कमी मिळतं. पंधरा मिनिटं, काहीतरी खारट, बाटल्या भरल्या की निघालं.

रविवार, संध्याकाळ

उद्या पुन्हा सायकल चालवायची असेल तर परतल्यावर पहिले चार तास महत्त्वाचे: दर तासाला वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं, आणि पहिल्याच जेवणात 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं. उद्या विश्रांती असेल तर घाई नाही, दिवसभराच्या साध्या जेवणाने साठा 24 तासांत भरतो.

बाटल्या मात्र आजच धुवायच्या. तोंडाची रबरी नळी ओढून काढली की आतल्या खाचेत बुरशीचं काळं कडं दिसतं. ते नुसतं विसळून जात नाही, बारीक ब्रश आणि गरम पाणी लागतं. राइडनंतर पोट बिघडलं की सगळे जेलला दोष देतात, तेव्हा आधी ही खाच पाहावी.