हजार लिटरच्या टाकीत किती वीज मावते?

आमच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी आहे आणि तिला लागून तीन किलोवॉटची सौर पॅनेल बसवलेली आहेत. लख्ख ऊन असले की दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज तयार होते, तीही नेमकी घरात कुणी नसताना. शिरोलीत फौंड्री असलेले आमचे शेजारी परवा वर आले आणि त्यांनी विचारले, "सर, दुपारची ही वीज रात्रीला ठेवायची म्हटली तर जागा किती लागंल?" मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे उत्तर थोडक्यात आटोपणे मला जमले नाही. मी टाकीवर हात ठेवला आणि तिलाच माप मानून हिशेब मांडायला सुरुवात केली.

हजार लिटर पाणी ३६७ मीटर उंचीवरून खाली सोडले तर त्यातून, कोणतीही गळती न धरता, एक युनिट ऊर्जा मिळते. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. म्हणजे ही भरलेली टाकी पन्हाळ्यावर नेऊन तिचे पाणी पायथ्याच्या जनित्रावर सोडले, तरी हाती येणार जेमतेम एक युनिट! शेजाऱ्यांना ते खरेच वाटेना. पाण्याच्या रूपाने वीज साठवायची तर डोंगर आणि धरण दोन्ही लागतात ते यामुळेच. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पात घाटमाथ्यावर एक आणि खाली कोकणच्या बाजूला एक असे दोन जलाशय आहेत. मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी जनित्रांवरून खाली सोडायचे, असा तेथील क्रम आहे. या ये-जा करण्यात शंभरातली वीस-पंचवीस युनिटे खर्ची पडतात. तरीही एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि इतकी वर्षे टिकणारा दुसरा साठा आजवर फारसा कुणाला जमलेला नाही.

त्याच टाकीत व्हॅनेडियम या धातूचे, बॅटरीत वापरतात ते द्रावण भरले, तर मात्र वीसएक युनिटे मावतात. फौंड्रीवाल्यांना व्हॅनेडियम नवे नव्हते; पोलादाला कणखरपणा आणण्यासाठी फेरोव्हॅनेडियम घालतात, हे त्यांनीच मला सांगितले. ते बॅटरीत कसे काम करते हे समजण्यासाठी प्रयोगशाळेतला एक प्रयोग पुरेसा आहे. अमोनियम मेटाव्हॅनेडेट सल्फ्युरिक आम्लात विरघळवले की पिवळे द्रावण मिळते. त्यात जस्ताची भुकटी टाकून चंबू हलवत राहावे. पिवळा रंग हिरवटावर जातो, मग स्वच्छ निळा होतो, त्यानंतर पुन्हा हिरवा आणि शेवटी जांभळा. मागच्या बाकावरची पोरेसुद्धा त्या दिवशी मान वर करून बघत असत. पिवळा, निळा, हिरवा आणि जांभळा हे चार रंग म्हणजे एकाच धातूच्या, इलेक्ट्रॉन कमी-जास्त असलेल्या चार अवस्था आहेत. चार्ज झालेल्या बॅटरीत एका टाकीत पिवळे आणि दुसऱ्या टाकीत जांभळे द्रावण असते. पंप ती दोन्ही मधल्या सेलमधून (वीज जिथे तयार होते त्या कप्प्यांतून), पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी फिरवतात आणि वीज काढून घेतली जाते तसतसे पिवळे निळ्याकडे, तर जांभळे हिरव्याकडे सरकत जाते.

यातली खरी गंमत अशी, की बॅटरीची ताकद सेलच्या संख्येवर ठरते आणि ती किती तास चालणार हे टाकीच्या आकारावर ठरते. चार तासांचे आठ तास करायचे असतील तर सेल तेवढेच ठेवून फक्त द्रावण दुप्पट करावे लागते. १९७०च्या दशकात नासाने लोह आणि क्रोमियम यांच्यावर प्रयोग केले होते, पण पडद्यातून एका बाजूचा धातू दुसऱ्या बाजूला झिरपला की द्रावण बिघडे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-काझाकोस यांनी १९८०च्या दशकात दोन्ही बाजूंना व्हॅनेडियमच वापरले आणि ती अडचण सुटली, कारण झिरपले तरी ते पुन्हा चार्ज करून मूळ स्थितीत आणता येते. चीनमधील दालियान येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या संचाची क्षमता १०० मेगावॉट आणि चार लाख युनिटे आहे. माझ्या मापाने त्याला अशा वीस हजार टाक्या लागतील.

"मग आपण बसवूया की," असे शेजारी म्हणाले. मी नको म्हणालो. घरासाठी लिथियमच बरे. तेवढ्याच जागेत त्याची शेकडो युनिटे मावतात आणि भरलेल्या विजेतली परतही जास्त मिळते. व्हॅनेडियमच्या संचाला पंप हवेत, आम्ल झेपणाऱ्या नळ्या हव्यात आणि द्रावण चाळीस अंशांच्या पुढे तापले तर पिवळ्या बाजूला गाळ बसू लागतो, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याला गारवाही द्यावा लागेल. त्याची जागा विजेच्या उपकेंद्राच्या आवारात आहे, जिथे वजनाची आणि जागेची पर्वा नसते, पण आगीची धास्ती असते. पाण्यातले द्रावण पेट घेत नाही. (इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला विसरून दोन बॅटऱ्या वाया घालवणाऱ्या माझ्यासारख्याने कोणतीही बॅटरी सांभाळण्याच्या गोष्टी जपूनच कराव्यात, हेही खरे.)

आणि आपल्या जिल्ह्यात वीज साठवायची तर ती दरवेळी वीज म्हणूनच साठवावी असेही नाही. याच टाकीतल्या पाण्याचा बर्फ केला तर त्यात त्र्याण्णव युनिटांइतका गारवा साठतो. दूध संकलन केंद्रावर संध्याकाळच्या धारेचे दूध येते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. दुपारच्या सौर विजेवर बर्फ करून ठेवला तर ते दूध गार करायला बॅटरीची गरजच पडणार नाही. शेतीचेही तसेच आहे. पंपाला दिवसा वीज मिळाली तर पंचगंगेचे पाणी दिवसाच उसाच्या सरीत पोहोचते आणि जमीनच ते धरून ठेवते. आधी रात्रीसाठी वीज साठवून मग त्याच विजेवर रात्री पाणी उपसणे मला तरी उफराटे वाटते.

बोलण्याच्या ओघात मी शेजाऱ्यांना तो रंगांचा प्रयोग घरी करून दाखवला. जांभळे द्रावण गाळून काचेच्या भांड्यात उघडेच ठेवले होते. चहा होऊन आम्ही परत आलो तोवर त्याच्या वरच्या थरावर हिरवी झाक चढली होती. हवेतला ऑक्सिजन चार्ज खात होता. मोठ्या संचांच्या टाक्यांत द्रावणाच्या वर नायट्रोजन का भरून ठेवतात, हे मला मग वेगळे सांगावे लागले नाही.