म्हशीला रविवार नसतो

डिसेंबरातली गोष्ट. पहाटेचे ५ वाजून १० मिनिटं झाली होती. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकलचं हँडल धरून उभा होतो आणि परत वर जाऊन झोपण्यासाठी एखादं अब्रूदार कारण शोधत होतो. पुढच्या चाकात हवा कमी वाटत होती. घसाही जरा खवखवतोय असं वाटायला लागलं होतं. दोन कारणं एकत्र केली तर एक पुरेसं कारण होईल, अशी जुळवाजुळव चालू असताना गवळी आला. मोटरसायकलला दोन्हीकडे कॅन, डोक्याला कानटोपी, कानटोपीवर मफलर आणि त्या सगळ्यातून फक्त दोन डोळे बाहेर.

"काय साहेब, निघाले का आले?"

दोन्हीही खरं नव्हतं. म्हणून मीच उलट विचारलं, "तुम्ही कसं हो रोज उठता एवढ्या थंडीत?"

"मी कुठं उठतो?" तो माप भरता भरता म्हणाला. "म्हैस उठवते. वेळ झाली की लागते ओरडायला. तिला काय रविवार असतो?"

तो पुढच्या बिल्डिंगकडे गेला. मीही लाजेकाजेस्तव निघालो, पण त्या दिवशी पन्नासेक किलोमीटर डोक्यात एकच विचार होता. आपल्याकडे म्हैस नाही, हीच खरी अडचण आहे.

माझ्यासारख्या हौशी सायकलवाल्याला कोणी काही मागत नाही. आज मी गेलो नाही तर कुणाचा चहा बिनदुधाचा राहत नाही. सातपूरच्या कंपनीत मला पगार मिळतो तो सायकल चालवण्याचा नव्हे. वय ४६, पोटाचा घेर जाहीर करण्याजोगा नाही. अशा माणसाने गोधडी सोडून दहा अंशांत का जावं, याचं उत्तर म्हणून जग एकच शब्द पुढे करतं, मोटिव्हेशन. ऑफिसातला एक मित्र त्याचे व्हिडिओ पाठवतो. धुक्यातून एक पिळदार माणूस पळत येतो, मागे ढोल वाजतात आणि भसाड्या आवाजात कुणीतरी सांगतं की जग झोपलेलं असताना तू ऊठ. हे व्हिडिओ मी मनापासून पाहतो. गोधडीत.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. सायकलच्या सरावाची पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिलेली. त्यांत हिवाळा म्हणजे घरात बसून, खिळवून ठेवलेल्या सायकलवर पाय मारायचा काळ. खरी मजा वसंतात आणि उन्हाळ्यात. आपल्याकडे ते पंचांग उलटं चालतं. जून ते सप्टेंबर पाऊस आणि खड्डे, ऑक्टोबरात चटका, मार्चपासून नऊ वाजताच डांबर तापतं. उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे चार महिने. म्हणजे वर्षभरात मनसोक्त सायकल चालवता येईल असा जो एकच हंगाम, त्याच हंगामात अंथरूण सर्वांत गोड लागतं. ज्याने हे जमवून आणलं त्याला विनोदबुद्धी चांगली असावी.

त्यात मी नाशिकचा, आणि आमचा ठरलेला रस्ता निफाडचा. थंडीच्या बातम्यांत निफाडचं नाव दरवर्षी येतं. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पाऱ्याची नोंद होते आणि पारा पाच-सहा अंशांवर आला की आम्हा नाशिककरांना उगीचच अभिमान वाटतो, जणू तो आम्हीच खाली आणलाय. सायकलवाल्याला त्यात आणखी सूट मिळते. सहा अंशांच्या थंडीत ताशी २५ किलोमीटरने गेलं तर अंगाला ते जवळजवळ दोन अंशांसारखं लागतं. आपलाच वेग आपल्याला बोचतो. जोरात मारावं तर गारठा वाढतो, हळू मारावं तर अंग तापत नाही. पहिला अर्धा तास या दोहोंत घासाघीस करण्यात जातो.

तर म्हैस शोधायला लागलो. पहिली म्हैस म्हणून घड्याळ ठेवलं, पलंगापासून लांब, कपाटावर. चौथ्या दिवशी मी उठून, ते बंद करून, परत येऊन झोपलो आणि सकाळी यातलं काहीही आठवत नव्हतं. मग सायकलचे कपडे घालूनच झोपायला लागलो. पॅड लावलेली ती घट्ट चड्डी पाहून बायको म्हणाली, "हे असं किती दिवस?" तो प्रयोग तिथेच संपला. मग घरातच पाय मारायचं स्टँड घेतलं. गॅलरीत आहे. त्याच्यावर टॉवेल फार छान वाळतात.

मग पैसे भरले. २०० किलोमीटरच्या बीआरएमला नाव घातलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, बीआरएम ही लांब पल्ल्याची सायकलफेरी, शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं, फक्त वेळेत पोहोचायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. मध्येच ठरलेल्या ठिकाणी जाऊन आल्याचा पुरावा लागतो. कार्डावर शिक्का मिळतो, नाहीतर एखाद्या एटीएमची पावती चालते. रात्री-अपरात्री आडगावच्या एटीएममधून शंभर रुपये काढून ती पावती प्रसादासारखी जपणारी माणसं मी पाहिली आहेत. मागच्या वर्षी मी पोहोचलो तेरा तास चाळीस मिनिटांनी. म्हणजे पोहोचलो, पण नाही पोहोचलो. यंदा त्या दहा मिनिटांचा हिशेब चुकता करायचा, असं नाव घालताना ठरवलं होतं. पण भरलेले पैसे हीसुद्धा म्हैस नाही निघाली. पैसे एकदा गेले की ओरडत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं तर विचारूच नका. रात्री दहाला बारा जणांचे अंगठे वर, पहाटे पाचला "गाइज, सॉरी, थ्रोट इन्फेक्शन." आमच्या ग्रुपमध्ये थंडीत घशाची साथ फक्त पहाटे पाच ते सहा या वेळेत असते.

शेवटी म्हैस मिळाली ती नांदूर नाक्यावर. नाना. वय ६९, प्रेसमधून निवृत्त. नाशिकात नुसतं 'प्रेस' म्हटलं की नाशिकरोडचा नोटांचा छापखाना. सांगावं लागत नाही. पंचवटी ते नाशिकरोड, ३५ वर्षं, तिन्ही पाळ्यांत, सायकलवर. "आयुष्यभर नोटा पाहिल्या," नाना म्हणतात, "म्हणून खिशात ठेवायची हौस राहिली नाही." चहाचे पैसे मी देतो, त्यामागचं तत्त्वज्ञान हे.

एकदा नाक्यावर ओळख झाली, आम्ही चांदोरीपर्यंत बरोबर गेलो आणि परत येताना ते म्हणाले, "उद्या साडेपाचला इथंच." मी बरं म्हणालो. घरी आल्यावर लक्षात आलं की नानांकडे साधा, बटणांचा फोन आहे आणि तो ते रात्री बंद करून ठेवतात, पहाटे बरोबरही घेत नाहीत. म्हणजे पाच वाजता घसा बसल्याचं कळवायची सोयच नाही! एक म्हातारा माणूस अंधारात, नाक्यावर, थंडीत, आपली वाट पाहत उभा आहे, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून परत झोपायला जो निर्ढावलेपणा लागतो तो माझ्यात नाही. मी उठलो. दुसऱ्या दिवशीही उठलो. आमच्यात ठरलं असं काहीच नव्हतं, पण महिनाभरात एकही नागा झाला नाही. नानांनी मला कधीही प्रोत्साहन दिलं नाही, हेही नमूद करतो. "काल बरा चालवत होतास," एवढंच कधीतरी म्हणतात, आणि त्यात रोख आजच्या चालवण्यावर असतो.

सराव म्हणून जे काही लागतं ते नानांना ठाऊक नसताना ठाऊक आहे. पुस्तकं सांगतात, हंगामाच्या सुरुवातीला पुष्कळ तास सावकाश चालवा. इतकं सावकाश की बोलता आलं पाहिजे. मी छातीला पट्टा बांधून ठोके मोजत होतो. नाना नुसते बोलतात. मोरारजींच्या काळापासून सुरू करतात. मी हुंकार द्यायचा थांबलो की त्यांना कळतं आणि ते वेग कमी करतात. गुडघे झाकायचे, तहान नसली तरी पाणी प्यायचं, कारण थंडीत घाम दिसत नाही पण जातो, हे सगळं त्यांना पाळ्यांनी शिकवलं.

वर्तमानपत्राची युक्तीही त्यांचीच. नाक्यावर पेपरची गाठोडी सुटत असतात. नाना एक पेपर घेतात, घडी करून स्वेटरच्या आत छातीवर सरकवतात. वारा आत येत नाही. मी हसलो होतो. मग कळलं की युरोपातले शर्यतीचे सायकलपटूही डोंगरावरून उतरताना वर्षानुवर्षं हेच करत आलेत. तेव्हापासून मीही घेतो. अनुभवाने सांगतो, रविवारचा पेपर सर्वांत ऊबदार. पुरवणी असते ना. साहित्याची ऊब म्हणतात ती मला तरी अशी थेट छातीला जाणवली. घरी आल्यावर घामाने ओला झालेला अग्रलेख वाचायचा.

लाखलगाव मागे पडलं की वस्ती विरळ होते आणि अंधार खरा होतो. दिव्याच्या उजेडाएवढाच रस्ता. बोटं आधी दुखतात, मग बधिर होतात, मग ब्रेक दाबला की नाही ते डोळ्यांनी पाहावं लागतं. चांदोरीजवळ गोदावरी, तिथे पारा एकदम दोन-तीन अंशांनी उतरल्यासारखा वाटतो. आणि मग दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. थंडी फार पडली की बागांतून ठिकठिकाणी धूर दिसतो. शेकोट्या पेटवलेल्या असतात, माणसांसाठी नव्हे, घडांसाठी. पारा उतरला की मण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात, हिरव्या मालात गुलाबी मणी निघाले की भाव पडतो. म्हणून बाप-लेक रात्रभर जागून शेकोट्या राखतात, पहाटे ठिबक सोडतात, जमिनीतलं पाणी थोडी ऊब देईल म्हणून.

एकदा नानांचं चाक अशाच एका बागेपाशी पंक्चर झालं. बोटं चालेनात, टायर रिममधून निघेना. बागेतल्या माणसाने हाक मारून शेकोटीपाशी बसवलं. अंगावर घोंगडी, डोळे लाल. हात शेकून ट्यूब बदलेपर्यंत तो आमच्याकडे बघत होता. मग न राहवून म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलंय का हो हे?"

नाना म्हणाले, "नाही."

"मग?"

यावर आम्ही दोघंही शेकोटीत बघत बसलो. त्याने काडक्या टाकल्या. बरं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

परतताना ऊन पाठीवर... असं लिहिणार होतो, पण निफाडहून नाशिककडे येताना तोंड पश्चिमेला, तेव्हा ऊन खरोखरच पाठीवर येतं आणि त्यासारखं सुख नाही. फक्त ते उशिरा येतं. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो असं शाळेत शिकलो होतो. होतो, पण तो संध्याकाळच्या बाजूने. सकाळी सूर्य त्यानंतरही रोज थोडा थोडा उशीरच करतो, थेट जानेवारीच्या मध्यापर्यंत. संक्रांतीच्या सुमारास आमच्याकडे सव्वासात वाजत येतात तेव्हा कुठे तो वर येतो. भोगीची तिळाची भाकरी खाल्ली तरी अंधार तसाच. डिसेंबर संपला म्हणून सुटलो असं मानणारे बरेच सायकलवाले याच तीन आठवड्यांत गळतात, असं माझं निरीक्षण आहे.

आणि शेवटी मिसळ. चाळीस किलोमीटर जाऊन चाळीस किलोमीटर परत यायचं, आणि जेवढं जाळलं त्याहून जास्त तर्रीसकट परत भरायचं, हा नाशिकचा सराव. त्यात इथे सायकल म्हटलं की लोक लगेच डॉक्टर महाजन बंधूंचं नाव घेतात. या दोघा भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' ही शर्यत जोडीने, नऊ दिवसांच्या आत पुरी केली. पावणेपाच हजारांहून अधिक किलोमीटर. त्यांच्या गावात सायकल चालवणं म्हणजे गवयाच्या शेजारी राहून बाथरूममध्ये गाणं. मिसळवाल्याने एकदा विचारलंच, "तुम्ही कुठपर्यंत जाता?" निफाड म्हटल्यावर त्याने पाव जास्तीचा नाही दिला.

जानेवारीत नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर सायकल बंद. बीआरएमला तीन आठवडे राहिले होते. आता मी घडलेलो आहे, असं मी स्वतःला बजावलं, एकट्यानेही जाऊ शकतो. पहिल्या आठवड्यात नाना दवाखान्यात, म्हणून मन लागलं नाही. पुढच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार मी रोज पाचला जागा होऊन, चाकातली हवा आणि घसा या दोहोंचा साकल्याने विचार करून परत झोपलो. गुरुवारी गवळ्याने बायकोला विचारलं, "साहेब आजारी आहेत का?" तिने नाही म्हणून सांगितलं. एवढं स्पष्ट सांगायची गरज नव्हती.

शुक्रवारी गेलो. नाक्यावर पेपरची गाठोडी सुटत होती, टपरीवाल्याने नुकताच स्टोव्ह पेटवला होता, आणि बाजूच्या बाकावर शाल पांघरून, किर्र अंधारात काळा चष्मा लावून नाना बसले होते. सायकल नव्हती. चालत आले होते.

"अहो नाना, तुम्हाला बंद सांगितलंय ना?"

"सायकल बंद सांगितलीय. नाक्यावर बसू नका असं कुठं म्हणाले डॉक्टर?"

मी सायकल टपरीला टेकवली. काय बोलावं ते कळेना. नानांनी काळ्या चष्म्यातून माझ्या दिशेने अंदाजे पाहिलं.

"सोमवारपासून येतोय मी," ते म्हणाले. "चार दिवस चहाचे पैसे माझे गेले. आजचे दे, आणि नीघ. उजाडेल."