साडेआठ हजार वर्षांचा युनिफॉर्म

लेकीचा शाळेचा युनिफॉर्म दरवर्षी जूनमध्ये नवा घ्यावा लागतो, कारण ती वाढते आणि तो वाढत नाही. यंदा इस्त्री करताना आतलं लेबल वाचलं, पॉलिएस्टर ६५, कॉटन ३५, म्हणजे आपलं टेरीकॉटच, आणि डोक्यात किडा वळवळला की याचं कार्बन डेटिंग केलं तर काय निघेल? तेच हो, इनामगावच्या उत्खननातल्या कोळशावरून तिथली वस्ती किती जुनी ते ज्याने ठरवतात ते. दोन्ही धाग्यांत कार्बन सारखाच धरून बसून ढोबळ गणित केलं तर उत्तर आलं साधारण साडेआठ हजार वर्षं. मोहेंजोदडो वसायच्या चारेक हजार वर्षं आधी हिचा पिनाफोर शिवून तयार होता!

भानगड अशी आहे की वर आकाशात कॉस्मिक किरण नायट्रोजनला धडकतात आणि त्यातून कार्बन-१४ हा कार्बनचा हळूहळू नष्ट होत जाणारा प्रकार तयार होतो, अगदी चिमूटभर, एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एखादाच. कपाशीचं झाड तो हवेतून घेतं, जिवंत आहे तोवर घेत राहतं, एकदा मेलं की आवक बंद आणि जेवढा आहे तो दर ५७३० वर्षांनी निम्मा. पॉलिएस्टर येतं खनिज तेलातून, आणि ते तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडलेलं, त्यात कार्बन-१४ औषधालाही उरलेला नसतो. त्यामुळे मशीनला दिसतं काय तर पस्तीस टक्केच शिल्लक, मग ते बिचारं म्हणतं बाकीचा इतक्या वर्षांत संपला असणार.

आता गंमत संपते, कारण युनिफॉर्मचं जे झालं तेच अख्ख्या हवेचं चाललंय. कोळसा जाळा, डिझेल जाळा, त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-१४ शून्य. गवळी दुधात पाणी घालतो तसंच, दूध कमी होत नाही, पातळ होतं. आणि त्या पातळ हवेवर वाढलेलं झाड जन्मतःच जरा म्हातारं दिसतं. हे पहिल्यांदा पकडलं हान्स स्यूसने, १९५५ साली. झाडांच्या अलीकडच्या लाकडात एकोणिसाव्या शतकातल्यापेक्षा कार्बन-१४ कमी भरला, ढोबळमानाने दोन टक्के. दोन टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण वयात तो फरक दीडशे वर्षांच्या वर जातो. म्हणूनच तर या मोजणीचं प्रमाण माप १८९० च्या लाकडाशी जुळवून घेतलंय, त्यानंतरच्या हवेवर भरवसा कोण ठेवणार!

या स्यूसचे आजोबा एडुआर्ड स्यूस, व्हिएन्नाचे मोठे भूगर्भशास्त्रज्ञ, आणि गोंडवनलँड हे पुरातन महाखंडाचं नाव रूढ केलं ते त्यांनी. गोंडवन म्हणजे आपल्याच गोंडांचा मुलूख. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र वर्धा खोऱ्यातला जो कोळसा जाळतं तो गोंडवना काळातलाच, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. म्हणजे आजोबांनी गाजवलेल्या नावाचा कोळसा जळतो आणि त्याने हवेत जो बदल होतो त्याला नातवाचं नाव, स्यूस इफेक्ट. घराण्याने दोन्ही टोकं धरून ठेवलीत. (चंद्रपूरकरांना या कौतुकाचं काय, त्यांना राख झाडायची असते.)

मधे काही वर्षं सगळं उलटंही झालं होतं. अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेत इतका कार्बन-१४ ओतला की १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धात तो जवळजवळ दुप्पट झाला. त्याच वर्षी अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाने हवेतल्या चाचण्या थांबवायचा करार केला, मग तो जादाचा माल हळूहळू समुद्रात, झाडांत मुरत गेला, वरून आपलं धुराचं पाणी चालूच, आणि आता प्रमाण फिरून जुन्या पातळीला येऊन ठेपलंय आणि खाली घसरायला लागलंय. या बॉम्बवाल्या कार्बनचा एक फायदा होता, चाचण्यांच्या आधीचं म्हणून खपवलेलं बनावट चित्र किंवा हस्तिदंत त्यात पकडता यायचं. ती खूणही पुसट होत चाललीय, आणि मला विचाराल तर बॉम्बची म्हणून का असेना, पण कामाची होती.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या हेदर ग्रेव्हन यांनी २०१५ मध्ये हिशोब मांडला की धूर असाच वाढत राहिला तर २०५० चा कोरा करकरीत सुती टी-शर्ट आणि हजार वर्षांपूर्वीचं कापड यांचं कार्बनने निघणारं वय सारखंच येईल. बघा, शंभर टक्के सुती, पॉलिएस्टरचा धागा नाही त्यात! हजार वर्षं म्हणजे आपल्याकडे अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं तो शिलाहारांचा काळ, १०६० चा शिलालेख आहे तिथे. तेव्हा मंदिराच्या आवारात उद्या कोणाला सुती चिंधी सापडली तर ती पाथरवटाच्या मुंडाशाची की २०५० मध्ये सहलीला आलेल्या कोणाच्या टी-शर्टाची, हे एकट्या कार्बनवरून सांगता यायचं नाही, शिवण बघावी लागेल, रंग तपासावा लागेल, आणि नशीब असेल तर मानेपाशी एक्सएल लिहिलेलं लेबल शाबूत असेल.