एकट्याने हरीण गाडीत चढवताना: स्प्रिंग ग्रीनजवळची एक संध्याकाळ

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला बंदुकीचा हरीण-हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नंतरच्या रविवारी संपतो. यंदा शेवटच्या शनिवारी दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. पहाटे मित्राचा फोन आला, मुलाला ताप आहे, येता येत नाही. मी एकटाच निघालो. मॅडिसनहून हायवे १४ धरला की मॅझोमॅनी, अरीना करत तासाभरात स्प्रिंग ग्रीन येतं. तिथे विस्कॉन्सिन नदीच्या दोन्ही काठांना सरकारी जमीन पसरलेली आहे, लोअर विस्कॉन्सिन स्टेट रिव्हरवे. प्रेअरी डू सॅकच्या धरणापासून मिसिसिपीपर्यंत ९२ मैल. नदीलगत रेताड सपाटी, मागे ओकच्या झाडीचे चढ. हा टापू हिमयुगातल्या बर्फाखाली कधी सापडलाच नाही, त्यामुळे टेकड्या घासून सपाट झालेल्या नाहीत. बघायला फार सुंदर, पण ओझं घेऊन उतरायला तितक्याच अवघड.

भारतात १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, असं माझं मत आहे. इथली गोष्ट वेगळी. हरणं भरपूर, आणि किती मारायची ते सरकार काउंटीवार, म्हणजे जिल्हावार ठरवतं. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. त्या प्रशिक्षणात बंदूक कशी धरायची, कुठे मारायचं, कुठे मारायचं नाही, हे सगळं नीट शिकवलं. पडलेलं जनावर एकट्या माणसाने गाडीत कसं घालायचं हे मात्र मला त्या संध्याकाळी शिकावं लागलं. म्हणून हे लिहितो आहे.

दुपारी पावणेचारला पांढऱ्या ओकांच्या उतारावर एक मोठी मादी आली. माझ्याकडे त्या काउंटीतल्या सरकारी जमिनीवरच्या मादीचं परमिट होतं. अंतर साठेक यार्ड, ती आडवी उभी होती. गोळी फुप्फुसांतून गेली. चाळीस पावलं पळाली आणि पडली. जवळ जाऊन मी थोडा वेळ नुसता उभा राहिलो. हे मी दर वेळी करतो. डोळ्याला काठीचं टोक लावून बघायचं, पापणी हलली नाही तरच हात लावायचा. मग हातमोजे घालून पोट साफ केलं. तोवर साडेचार वाजले होते आणि नोव्हेंबरअखेर इथे सूर्य त्याच सुमाराला मावळतो.

इथे पहिला सल्ला. पोट साफ केल्या केल्या पाय बांधून टाका. जनावर काही तासांत ताठरतं आणि थंडीत तुम्हाला वेळेचं भान राहत नाही. पुढचे दोन्ही पाय मानेजवळ दुमडून दोरीने गळ्याशी बांधायचे, मागचे दोन एकमेकांना. असं केलं की ओढताना पाय झुडपात अडकत नाहीत आणि गाडीत घालताना दारात आडवे येत नाहीत. मी मागचे पाय बांधायचे राहू दिले. त्याची किंमत पुढे मोजली.

दुसरा सल्ला बंदुकीचा. आधी ती रिकामी करा, गाडीत नेऊन कुलपात ठेवा आणि मग हरणासाठी परत या. दोन खेपा होतात, पण उतारावर एका हातात दोर आणि खांद्यावर बंदूक हा प्रकार नकोच. शिवाय येताना गाडीतून प्लॅस्टिकची घसरगाडी आणता येते. ही पोरं बर्फात खेळतात तसलीच, फक्त जाड आणि लांब. अंगावरचं नारिंगी जाकीट काढू नका आणि हरणावरही नारिंगी कापड बांधा. संधिप्रकाशात झाडीतून सरकणारं तपकिरी अंग दुसऱ्या शिकाऱ्याला जिवंत वाटू शकतं.

गाडीपर्यंतचं अंतर सातशे यार्ड. आधी छोटा चढ, मग लांब उतार. चढावर दर वीस पावलांना थांबत होतो, आणि हे थांबणं मी ठरवून करत होतो. वर्षभर खुर्चीत बसणारा माणूस थंडीत एकदम पन्नास किलो ओढायला लागला तर हृदयावर किती ताण येतो, ते इथल्या डॉक्टरांना दर हंगामात दिसतं. आपल्या भारतीयांमध्ये तर हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो. छातीत जड वाटलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर दोर तिथेच टाका आणि ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा. दऱ्यांमध्ये फोनची रेंज जाते. म्हणून निघण्याआधी बायकोला नकाशावरची जागा पाठवली होती आणि सांगितलं होतं, साडेसातपर्यंत माझा मेसेज आला नाही तर शेरिफच्या ऑफिसला फोन कर.

उतारावर घसरगाडीच्या पुढे कधीही चालू नका. ती सुटली तर थेट घोट्यांवर येते. आपण वरच्या बाजूला राहायचं, दोराचा एक वेढा झाडाला द्यायचा आणि हळूहळू सैल सोडत जायचं. झाडच ब्रेकचं काम करतं. मग पुढचं झाड गाठायचं. वेळ लागतो, पण दम लागत नाही.

सहा वाजून गेले तेव्हा पार्किंगला पोचलो. माझ्या गाडीखेरीज तिथे एकही गाडी नव्हती.

माझी गाडी साधी मध्यम एसयूव्ही. मागे हुक नाही, त्यामुळे त्यावर बसणारा जाळीचा कॅरियर नाही. मागचा दरवाजा वर उघडतो आणि आतला तळ जमिनीपासून २९ इंचांवर. दोघं असतो तर एकाने मान, एकाने मागचे पाय धरून झालं असतं. त्या हिशोबानेच मी घरून आठ फुटी फळी आणली नव्हती. मित्र येत नाही हे कळलं तेव्हाच ती गॅरेजमधून उचलायला हवी होती. चूक माझीच.

पहिल्यांदा मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. खाली बसलो, दोन्ही हात तिच्या छातीखाली घातले आणि उठायचा प्रयत्न केला. मेलेलं जनावर हे पोत्यासारखं घट्ट ओझं नसतं. मधून उचललं की दोन्ही टोकं लोंबतात, डोकं एकीकडे वळतं आणि सगळं वजन हातातून वाहून जातं. कशीबशी छाती बंपरवर टेकली. तेवढ्यात न बांधलेले मागचे पाय माझ्या गुडघ्यांत आले, बंपर रक्ताने निसरडा झालेला, आणि ती पुन्हा खाली. कमरेत डाव्या बाजूला चमक भरली. मी हात सोडले, थर्मासमधला चहा ओतला आणि घसरगाडीच्या कडेवर बसलो.

माझं लहानपण लातूरच्या आडत बाजारात गेलं. अण्णांचं तिथे दुकान होतं. क्विंटलाची पोती ट्रकमध्ये भरायची असली की मुकादम फळी लागल्याशिवाय कोणाला पोत्याला हात लावू द्यायचा नाही. ट्रकचा फाळका खाली पडला की पहिली हाक फळीसाठी. आणि फळी नसली तर? तर ट्रक ओट्याला मागून लावायचे. दुकानाचा ओटा आणि ट्रकचा तळ एका पातळीत आला की पोतं नुसतं सरकवायचं. चहाचा कप हातात असताना ओट्याला लागलेला तो ट्रक डोळ्यांपुढे आला आणि मी हेडलॅम्प घेऊन पार्किंगची कड चालायला लागलो.

पार्किंग टेकडीत कापून केलेलं होतं. वरच्या अंगाला मातीचा बांध राहिलेला, एका कोपऱ्यात गुडघ्याएवढा, पुढे कंबरेपर्यंत चढत गेलेला. काठीवर गाडीच्या तळाच्या उंचीची खूण केली आणि ती बांधाला लावत गेलो. तळापेक्षा चार बोटं उंच अशी जागा मिळाली. गाडी मागे घेत तिथे आणली. लक्षात ठेवा, आधी अंतर राखून दरवाजा उघडून बघायचा. वर उघडणारा दरवाजा बांधावरच्या फांदीला किंवा मातीलाच अडकू शकतो. मला सव्वा फूट फट ठेवावी लागली. हँडब्रेक लावला, पुढच्या चाकांना दगड लावले. फटीवर ओकच्या दोन वाळक्या, मनगटाहून जाड फांद्या टाकल्या आणि त्यांवर गाडीतली रबरी पायपुसणी पसरली.

आता कोपऱ्यातून, जिथे बांध गुडघ्याएवढाच होता, घसरगाडी वर घेतली. तिथे चढ इतका कमी होता की दोन दमांत झालं. बांधावरून दहा पावलं पुढे, मग वळवून डोकं गाडीकडे. आतमध्ये आधीच ताडपत्री अंथरली होती, कडा वर दुमडलेल्या. मागचे पाय आता बांधले. ताठरायला लागलेच होते, जोर लावावा लागला. घसरगाडीचा दोर मागे एका झाडाला एक वेढा देऊन हातात धरला आणि पायाने ढकललं. ती फांद्यांवरून कुरकुरत गेली आणि आत जाऊन पुढच्या सीटच्या पाठीशी थांबली. घसरगाडीसकट. सगळं मिळून पाच मिनिटं. मघाशी उचलायच्या नादात मी अर्धा तास आणि कंबर घालवली होती.

बांध नेहमी मिळेलच असं नाही, म्हणून सपाटीवरची रीत सांगतो. नंतर घरी करून पाहिली आहे. आठ फुटी, दहा इंच रुंद, दोन इंच जाडीची फळी. वरच्या टोकाला जुन्या टायरचं रबर ठोकायचं, म्हणजे बंपरवरून निसटत नाही. २९ इंचांच्या उंचीला आठ फुटी फळी लावली की उताराचा जोर वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. ४९ किलोला पंधराएक किलो, घर्षण धरून पंचवीसच्या आसपास. त्यात कप्पी आणली की तोही निम्मा. पन्नास फुटी दोराचं एक टोक पुढच्या सीटच्या, जमिनीला बोल्टने बसवलेल्या लोखंडी पायाला बांधा. दोर घसरगाडीला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत पुढे न्या, सीटच्या पायाजवळच्या दुसऱ्या कप्पीतून वळवून मागे आणा. मग तुम्ही फळीच्या बाजूला उभे राहून ओढू शकता. बाजूला म्हणजे बाजूलाच. फळीच्या खालच्या टोकाला, ओझ्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. पिकअप असेल तर हातविंच पुढच्या कडीला अडकवली की आणखी सोपं, फक्त फाळका जास्त उंच असतो म्हणून फळी लांब घ्या. एकट्याने नेहमी जाणाऱ्याने, गाडीला हुक असेल तर, मागचा जाळीचा कॅरियर घ्यावा असं मी म्हणेन. तो जमिनीपासून फार वर नसतो, तिथे उचलायचं असं फारसं उरत नाही.

आणि जनावर खरंच मोठं असेल, शंभर किलोचा नर, तर जागेवरच तुकडे करून खेपांनी आणणं हा सगळ्यात शहाणा मार्ग. कुठे किती तुकडे चालतात, डोकं सोबत लागतं का, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. जायच्या आधी वाचून जा. पार्किंगमध्ये दुसरा कोणी शिकारी असेल तर बेधडक विचारा. इथे या कामाला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

गाडीत घातल्यावर काम संपत नाही. बाहेर उणे दोन अंश होतं, तरी मी हीटर बंद आणि काचा दोन बोटं उघड्या ठेवून घरी आलो. मटण ४ अंश सेल्सियसच्या खाली लवकर यायला हवं. पोटात आडवी काठी लावून ते उघडं ठेवलं होतं. ऊब असेल तर बर्फाच्या पिशव्या घालाव्या लागतात. दुसरं, गोचिड्या. अंग थंड पडलं की त्या हरणावरून उतरून नवं अंग शोधतात आणि बंद गाडीत ते अंग तुमचं. लाइम रोग याच हरणांवरच्या गोचिडीतून पसरतो. म्हणून ताडपत्री वरून गुंडाळून घट्ट बांधा, घरी पोचल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये टाका आणि काखा, जांघा, कानामागे आरशात तपासा. मला पट्ट्याखाली एक फिरताना सापडली.

नोंदणी हरीण हाती आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५च्या आत करायची. फोनवर किंवा ऑनलाइन दोन मिनिटांत होते. राहिलं ते सीडब्ल्यूडी. हरणांच्या मेंदूचा हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली पहिल्यांदा सापडला, तो याच भागात, माउंट होरेबजवळ. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोग असलेलं मटण खाऊ नये असं सरकारी आरोग्यखातं सांगतं, आणि शिजवून तो मरत नाही. तपासणी फुकट आहे. मानेचा पाचेक इंच भाग डोक्याला ठेवून ते सरकारी पेटीत टाकायचं, सोबत फॉर्म. मी रविवारी सकाळी टाकून आलो. कसायाकडे वजन केलं तर साफ केलेली मादी १०८ पौंड, म्हणजे ४९ किलो भरली.

रिपोर्ट येईपर्यंत फ्रीझरमधल्या प्रत्येक पाकिटावर मार्करने तपासणीचा नंबर लिहून ठेवा आणि दुसऱ्या हरणाच्या मटणात मिसळू नका. माझा रिपोर्ट बाराव्या दिवशी आला, रोग आढळला नाही. त्याच संध्याकाळी मांडीचं एक पाकीट काढलं, आईने लातूरहून पाठवलेला काळा मसाला घातला आणि तापातून उठलेल्या पोराला आणि त्याच्या आईबाबांना जेवायला बोलावलं.